अर्ध्या आट्यासाठी एकवीस दिवस

आधीच सांगते, कॅमेऱ्याला बाहेरून लावायची मूठ, म्हणजे ग्रिप, आता छान बसली आहे, हात खूश आहे आणि कॅमेराही शाबूत आहे. राग तेवढा उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

माझा कॅमेरा खिशात मावणारा, छोटा. असे कॅमेरे खिशात सहज सरकावेत म्हणून पुढून सपाट ठेवतात, आणि मग ते हातातूनही तितक्याच सहज सरकतात. बोटं घामेजली की ओली साबणवडी धरल्यासारखं वाटतं. एकदा पाठीवरची सॅक सावरताना निसटला आणि मनगटाच्या दोरीला लोंबकळत राहिला. त्या दिवशी ठरवलं, याला मूठ हवी.

पर्याय तीनच. एक, पुढच्या बाजूला चिकटवायची रबरी ग्रिप. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेसाठी तर कंपनी स्वतःच अशी ग्रिप विकते. दोन, हॉट-शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, सरकवायचा अंगठ्याचा टेकू. तीन, तळाच्या ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने आवळायची धातूची प्लेट, जिच्या पुढच्या अंगाला मूठ असते. माझ्या कॅमेऱ्याला हॉट-शूच नाही, त्यामुळे दुसरा पर्याय बाद. चिकटवायची घेऊन पाहिली, ती आठवड्यात कडेने उचकटली. त्यात चूक माझीच होती, त्याबद्दल पुढे लिहिते. राहिली प्लेट. अ‍ॅल्युमिनियमची, लाकडी मुठीची, दिसायला देखणी अशी एक मागवली. कॅमेऱ्याच्या मॉडेलचं नाव वर्णनात होतं, फोटो सुंदर होते, आणि मी ते पाहून भुलले.

ग्रिप घेताना मूठ नंतर बघा, आधी प्लेट पालथी घाला. बॅटरीचं झाकण उघडायला खाच आहे का? झाकण पूर्ण उघडतं की अर्ध्यावर प्लेटला अडतं? कार्डही त्याच झाकणाखाली असेल तर ते नखाने बाहेर ओढता येतं का? प्लेटने कॅमेऱ्याचं ट्रायपॉडचं भोक झाकलं जाणार, म्हणजे प्लेटला स्वतःचं भोक हवं, आणि ते लेन्सच्या बरोबर खाली असलं तर उत्तम. हे सगळं मी पाहिलं होतं. सगळं ठीक होतं. स्क्रूची लांबी मात्र पाहिली नाही.

पार्सल आलं, प्लेट लावली, स्क्रू फिरवला. फिरत फिरत गेला आणि टच्च थांबला. वाटलं, बसली. कॅमेरा उचलला तर प्लेट खाली डुगडुगतेय. अंगठ्याने दाबली की कट्, सोडली की कट्. पुन्हा आवळला. स्क्रू जागचा हलेना, प्लेट मात्र सैलच. तेव्हा उजेड पडला. स्क्रूचं टोक भोकाच्या तळाला टेकत होतं, आणि प्लेट कॅमेऱ्याला भिडायच्या आत आटे संपत होते.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॅमेऱ्यांच्या तळाला बहुतेक वेळा पाव इंची भोक असतं, एका इंचात वीस आटे. म्हणजे स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे १.२७ मिलिमीटर. व्यास आणि आटे ठरलेले असल्यामुळे बहुतेक ट्रायपॉड बहुतेक कॅमेऱ्यांना लागतात. पण भोक किती खोल, हे कॅमेऱ्यागणिक बदलतं. माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की ५.५ मिलिमीटरपेक्षा लांब स्क्रू वापरू नका. कॅलिपर काढून मोजलं तर प्लेटमधून वर आलेला स्क्रू ६.२ मिलिमीटर भरला. जास्तीचा भाग ०.७, म्हणजे अर्ध्या आट्याहून जरासा अधिक. एवढंसंच. पण तेवढ्यासाठी जोर लावून आवळला असता तर तळाला धक्का बसला असता किंवा भोकातले आटे उपटले असते. कॅमेऱ्याचा जीव त्या भोकापेक्षा मोठा आहे, म्हणून हात आवरला.

मग विक्रेत्याचा परतीचा फॉर्म उघडला.

‘परतीचं कारण’ या रकान्यात चार पर्याय: वस्तू तुटलेली आली, चुकीची वस्तू आली, आता नको आहे, इतर. वस्तू तुटलेली नव्हती. चुकीचीही नव्हती, मागवली तीच आली होती. ‘आता नको आहे’ निवडलं तर परत पाठवायचा खर्च माझ्या डोक्यावर. म्हणून ‘इतर’. ‘इतर’ निवडल्यावर लिहायला एक खिडकी उघडते, आणि त्या खिडकीत पन्नास अक्षरं मावतात. काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजून पन्नास. मी लिहिलेल्या चार ओळी तिसऱ्या शब्दानंतर कापल्या गेल्या. शेवटी खोडत खोडत एवढंच उरलं: ‘स्क्रू लांब आहे. प्लेट सैल राहते.’

तीन दिवसांनी उत्तर आलं. ‘कृपया स्क्रू घट्ट आवळून पाहा.’

वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मग सविस्तर मेल केला. भोकाची खोली, स्क्रूची लांबी, पुस्तिकेतलं वाक्य, सगळं. उत्तर आलं, ‘दोषाचा स्पष्ट फोटो जोडा.’ आता हा फोटो कॅमेऱ्याने काढता येईना, कारण कॅमेराच त्या फोटोत हवा होता. फोनने काढला, कॅलिपरचा आकडा ठळक दिसेल असा. ‘फोटोत वस्तू पूर्ण दिसत नाही.’ पूर्ण वस्तूचा काढला. ‘फोटोत दोष दिसत नाही.’ बरोबरच आहे! पूर्ण वस्तू दाखवली तर ०.७ मिलिमीटर कसा दिसणार? मग व्हिडिओ काढला. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात कॅमेरा, फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला, आणि मी प्लेट कट्-कट् वाजवून दाखवतेय. तो व्हिडिओ फॉर्मने घेतला नाही. फाइल मोठी. लहान करून पाठवला.

त्यानंतर जे उत्तर आलं ते मला पाठ झालंय: ‘आमचं उत्पादन प्रमाणित आट्यांच्या सर्व कॅमेऱ्यांना चालतं.’ आट्यांबद्दल माझी तक्रार नव्हतीच. आटे उत्तम जुळत होते. मी लांबीबद्दल बोलत होते, ते व्यासाबद्दल. एखाद्याने दार बुटकं आहे म्हणावं आणि समोरच्याने ‘रुंदी तर बरोबर आहे’ सांगावं, तसला प्रकार.

अकराव्या दिवशी त्यांनी मोठ्या मनाने बदली स्क्रू पाठवायचं कबूल केलं. आठ दिवसांनी इवल्याशा स्क्रूसाठी हातभर खोका आला. उघडला, कॅलिपर लावला. ६.२.

या सगळ्या दिवसांत मी स्क्रूला हात का लावला नाही, असं कुणी विचारेल. दादाने तर पहिल्याच दिवशी फोनवर विचारलं होतं, ‘‘अगं, घरात कानस आहे ना? मग घास की. फॉर्म कसले भरतेस!’’ पण वस्तू घासली की परत करायचा हक्क गेला, आणि मला तो हक्क सोडायचा नव्हता. तत्त्वाचा प्रश्न वगैरे. बदली स्क्रू हातात आल्यावर तत्त्व संपलं, मी दादाला फोन लावला. तो ‘मी म्हटलं नव्हतं’ असं म्हणाला नाही. फक्त म्हणाला, ‘‘आधी नट चढव, मग घास.’’

ही युक्ती लाखमोलाची आहे. स्क्रू नुसता पकडून घासला तर टोकाचे आटे दबतात, तिथे कूस, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, राहते, आणि ती कूस कॅमेऱ्याच्या भोकातले आटे खाते. त्याऐवजी स्क्रूवर नट चढवायचा, जेवढं कापायचंय तेवढंच टोक नटाबाहेर ठेवायचं, नट पक्कडीत धरायचा आणि कानस नटाला सपाट लागेपर्यंत घासायचं. नट एकाच वेळी मापही होतो आणि मूठही. काम झालं की नट उलटा फिरवून काढायचा, तो बाहेर येताना दबलेले आटे सरळ करतो. टोकाच्या कडेवरून कानस एकदा तिरकी फिरवली की झालं.

यातही मी एकदा आपटलेच. डब्यातला सहा मिलिमीटरचा नट घेतला, डोळ्यांना तो पाव इंचीसारखाच दिसतो. पहिल्याच आट्याला अडला. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि आट्यांचं अंतरही वेगळं. जोर करू नका, पाव इंची, वीस आट्यांचाच नट शोधा.

एक मिलिमीटर घासायला मला वीस मिनिटंही लागली नाहीत. स्क्रू ५.२ वर आला, म्हणजे चार आटे धरायला मिळतात, आणि एवढ्या हलक्या कॅमेऱ्याला ते पुरेत. घासणं कॅमेऱ्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत. कीस बारीक असतो, लेन्सच्या सांध्यात गेला तर निघत नाही. स्क्रू ब्रशने झाडून, पुसून, आधी नुसता बोटांनी भोकात फिरवून पाहिला. तोही प्लेटशिवाय आणि तळाला टेकणार नाही इतकाच. मग प्लेट लावली. आवळली. दाबली. कट् आवाज नाही. मी उगाचच आणखी चारदा दाबून पाहिली.

वॉशर टाकूनही हे झालं असतं, पण माझ्या प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं खोलगट जागेत बसतं. वॉशरमुळे ते वर येतं आणि कॅमेरा टेबलावर डुलतो. तुमच्या प्लेटमध्ये जागा असेल तर जरूर वॉशर टाका, कानशीला हातही लावू नका.

आता मुठीबद्दल. मूठ जितकी जाड तितकी पकड चांगली, असं मला वाटायचं. ते खोटं आहे. मूठ जाड झाली की अख्खा पंजा पुढे येतो आणि तर्जनी शटरच्या बटणापर्यंत पोचत नाही, बोटाच्या पेराऐवजी नखाजवळचं टोक टेकतं. पाहायची रीत सोपी आहे. कॅमेरा फक्त मधल्या बोटावर आणि अनामिकेवर धरा. तर्जनी मोकळी, बटणावर सैल टेकलेली राहिली तर मूठ बरोबर. तर्जनीही वजन उचलत असेल तर फोटो हलणारच.

माझी मूठ वरच्या बाजूला जाड होती. बोटांना खडूची पूड लावून कॅमेरा नेहमीसारखा धरला, सोडला, आणि लाकडावर पांढरे ठसे पाहिले. मधल्या बोटाचा ठसा सगळ्यात गडद, कारण वजन त्याच्यावर. तिथेच लाकूड काढायचं ठरवलं. मूठ प्लेटपासून सोडवली आणि १२०, २४०, ४०० नंबरचा, म्हणजे खरखरीतपासून बारीक अशा क्रमाने, पॉलिश पेपर फिरवला. दर थोड्या वेळाने पुन्हा लावून बघायचं, कारण लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. भर घालून आकार तपासायचा असेल तर गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे दाणे मिळतात. साधारण ६० अंशांना ते पारदर्शक होऊन एकजीव होतात, बोटं दाबून आकार द्यायचा, थंड झाले की पांढरे आणि कडक. चुकलं तर परत पाण्यात. पण त्याचीच कायमची मूठ करू नका, उन्हात बंद गाडीत राहिली तर पुन्हा मऊ पडायची. पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेल्या मुठीचीही उन्हात तीच गत.

शेवटी लाकडाला चिंधीने जवसाचं तेल लावलं. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

हो, चिकटवायच्या ग्रिपचं राहिलं. मी ती कॅमेरा शर्टाला पुसून लावली आणि त्याच दिवशी वापरायला काढली. चामड्यासारख्या खरबरीत पृष्ठभागावर तशीही पकड कमी. असल्या अ‍ॅक्रिलिक फोम टेपला पूर्ण जोर धरायला ७२ तास लागतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोटांचं तेल पुसायचं, मग दाबून लावायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. हे तेव्हा केलं असतं तर कदाचित प्लेटच्या वाटेलाच गेले नसते, आणि तो फॉर्म माझ्या आयुष्यात आला नसता. माझी तक्रार त्यांच्याकडे अजून ‘प्रक्रियेत’ दिसते.

एक-स्क्रूची प्लेट चालता-फिरता हळूहळू सैल होते किंवा तिरकी फिरते. प्लेट आणि कॅमेरा यांच्यामध्ये पातळ रबर असू द्या. आणि प्लेट पालथी घालून स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरला. मी लाल ओढली आहे. रोज बॅटरी काढताना नजर जाते, आज पाहिली तेव्हा सरळ होती.