संशोधनाची सीमा करार होतानाच आखावी

टेनेसी विद्यापीठातील प्राध्यापक जे. रीस रॉथ यांना २००९ साली चार वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. परदेशी सहकाऱ्यांबरोबर संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने तो खटला मुळातून समजून घ्यावा, असे मला कळकळीने वाटते. मानवरहित विमानाच्या पंखांभोवतीची हवा प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूच्या, साहाय्याने नियंत्रित करण्याच्या त्यांच्या प्रकल्पाला अमेरिकी हवाई दलाचा निधी होता आणि त्यातील तांत्रिक माहितीला शस्त्रास्त्र-निर्यातीचा कायदा लागू होता. ती माहिती त्यांनी एका चिनी आणि एका इराणी संशोधक विद्यार्थ्याला उपलब्ध करून दिली, तसेच विद्यापीठाच्या निर्यात-नियंत्रण अधिकाऱ्याने बजावल्यानंतरही २००६ मध्ये ती चीनच्या दौऱ्यावर सोबत नेली. ते दोन्ही विद्यार्थी अमेरिकेतच काम करीत होते, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने ती निर्यातच होती.

ज्यांच्या निर्यातीवर सरकारी नियंत्रण आहे अशा बाबींच्या भारताच्या ‘स्कोमेट’ यादीतही वस्तूंबरोबर सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान येते. त्यामुळे ईमेलने पाठवलेल्या आराखड्यालाही परवाना लागू शकतो. सामंजस्य करारावर सही करण्यापूर्वी ही यादी उघडून पाहणे हे मला विभागप्रमुखाचे पहिले कर्तव्य वाटते.

मात्र खबरदारीची जागा संशयाने घेतली की संशोधनाचेच नुकसान होते. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘चायना इनिशिएटिव्ह’ मोहिमेत एमआयटीचे प्राध्यापक गांग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये, चीनशी असलेले संबंध अनुदानाच्या अर्जात लपवल्याच्या आरोपावरून अटक झाली. वर्षभराने सरकारने ते आरोप मागे घेतले आणि पुढच्याच महिन्यात मोहीमही बंद केली. एका निरपराध शास्त्रज्ञाचे हे वर्ष कोण भरून देणार?

अमेरिकेतील रेगन प्रशासनाच्या १९८५ च्या धोरणाने मला पटणारी वाट दाखवली होती : मूलभूत संशोधन शक्य तितके खुले ठेवावे, आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठी नियंत्रण आवश्यकच असेल तर निधी देण्यापूर्वीच ते काम रीतसर गोपनीय ठरवावे. म्हणजे कुंपण कामाभोवती पडते, माणसाच्या पारपत्राभोवती नाही. कोणती विदा, कोणता संगणकीय कोड आणि कोणते नमुने खुले राहतील, हे करारातच लिहिलेले असावे आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला प्रकल्पात घेण्यापूर्वी दाखवावे. कारण निर्बंध असलेल्या कामावर प्रबंध लिहिणाऱ्याला तो पुढे प्रसिद्ध करता येईल की नाही, हे त्याला विषय निवडतानाच कळले पाहिजे.