टाइल वाजवून बघणारे ठेकेदार

आज तिसरे ठेकेदार घर बघून गेले. आधीच्या दोघांनी दारातूनच आकडा सांगितला होता. हे मात्र बाथरूममध्ये उकिडवे बसले आणि नाण्याने एकेक टाइल वाजवून पाहिली. चार पोकळ वाजल्या! म्हणाले, "आधी वॉटरप्रूफिंग, मग किमान 24 तास पाणी भरून ठेवायचं. कुठे ओल आली नाही तरच फरशी." किती बरं वाटलं ऐकून! मागच्या वेळी ही चाचणी कुणी केलीच नाही आणि पलीकडच्या भिंतीला पोपडे आले.

कोटेशन सर्वांत स्वस्त नाही, पण मालाची कंपनी, जाडी, मोजमाप सगळं लिहिलंय. पैसे टप्प्याटप्प्याने. उद्या त्यांचं दोन वर्षांपूर्वीचं काम बघायला जातेय, तिथल्या ताईंशी बोलून मगच सही करीन.