आमची वाटचाल : स्लायडिंग खिडकी ते रंग बदलणारी काच

१९९८ साली वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ॲल्युमिनियम फॅब्रिकेशन सुरू केलं. स्लायडिंग खिडक्या, पार्टिशनं, जाळीची दारं अशी कामं होती. पुढे पुण्यातल्या ऑफिस इमारतींना काचा बसवायची कामं मिळाली आणि धंद्यानं अंग धरलं. तिथेच एक गोष्ट सतत खटकायची. पश्चिमेच्या दालनांत दुपारनंतर पडदे ओढलेले, आत दिवे चालू आणि एसीचा जीव मेटाकुटीला आलेला. एवढी काच लावायची ती याचसाठी का?

उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ती अडवणारे लेप मिळतात, आम्हीही वापरतो. पण गडद काच मे महिन्यात सुखाची वाटली, तरी जुलैच्या अंधारलेल्या दिवसांत तीच काच भरदुपारी दिवे लावायला लावते.

धाकट्या बहिणीनं शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं. तिथे टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरांवर बरीच वर्षं संशोधन चालू आहे. तिच्याकडूनच इलेक्ट्रोक्रोमिक काचेची ओळख झाली. काचेवरच्या या थराला काही व्होल्टचा दाब दिला की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, त्यात शिरतात आणि काच निळी होते. दाब उलटा केला की पुन्हा पारदर्शक. वीज मुख्यतः रंग बदलतानाच लागते. बाहेरचं झाड मात्र गडद काचेतूनही दिसत राहतं. मला स्वतःला याचं फार अप्रूप आहे.

तयार काच आयात करून आम्ही ती बसवतो. ही काच साइटवर कापता येत नाही, त्यामुळे मापं घ्यायला बहीण स्वतः जाते. कडेची वायर सेक्शनमधून, म्हणजे चौकटीच्या ॲल्युमिनियम पट्टीतून नेताना भोकाची धार घासून रबरी बुश घालावाच लागतो, नाहीतर वायर सोलली जाते. मोठा तावदानी भाग गडद व्हायला काही मिनिटं लागतात, आधी कडा निळ्या होतात आणि मग मध्य. ग्राहकाला हे आधीच दाखवतो.

बाजारात ‘स्मार्ट’ म्हणून बटण दाबताच दुधाळ होणारी फिल्मही विकली जाते. मीटिंग रूमच्या आडोशाला ती उत्तम आहे आणि आम्हीही लावतो. पण ती पारदर्शक ठेवायला सतत वीज लागते, आणि दुधाळ झाली तरी उन्हाची बरीचशी उष्णता आत येतेच. वीजबिल कमी होईल असं सांगून ती विकणं मला पटत नाही.

इलेक्ट्रोक्रोमिक काच अजून साध्या काचेच्या कितीतरी पट महाग आहे. म्हणून आर्किटेक्टशी बोलताना आम्ही आधी छज्जा आणि खिडकीची दिशा पाहतो, मग लेपाची डबल काच. जिथे पश्चिमेचं ऊन टाळता येत नाही आणि बाहेरचं दृश्यही हवं असतं, त्याच भिंतीसाठी ही काच सुचवतो. सध्या आमच्या शेडमध्ये तिचा एक नमुना पश्चिमेच्या खिडकीत बसवलेला आहे. दुपारी चारच्या सुमारास या, हात लावून बघा.