गोळीच्या आधी वॉच विचारा : जहाजावरचे माझे पहिले महिने

बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर बायॉलॉजी होतं, म्हणून नौदलात मेडिकल असिस्टंटसाठी फॉर्म भरला. गाव माण तालुक्यात. टँकरच्या पाण्यावर वाढलेला मी, समुद्र पाहिला तो भरती झाल्यावरच. ओडिशात चिल्काला बेसिक ट्रेनिंग, मग मुंबईत कुलाब्याला अश्विनी हॉस्पिटलच्या स्कूल ऑफ मेडिकल असिस्टंट्समध्ये कोर्स, वॉर्ड ड्युट्या आणि त्यानंतर जहाज. तालुक्यातली पोरं आता फोन करून विचारतात ती नेमकं ह्या शेवटच्या टप्प्याबद्दल. चिल्काचं सगळे सांगतात, जहाजावरचं कुणी सांगत नाही. जहाजाचं नाव मी लिहिणार नाही, बाकी सगळं लिहितो.

हॉस्पिटल आणि जहाज यांतला फरक मला पहिल्याच आठवड्यात जाणवला. वॉर्डात हात अडला की सिस्टर होत्या, डॉक्टर होते, वरच्या मजल्यावर स्पेशालिस्ट होते. जहाजावर आम्ही तिघं : एक सर्जन लेफ्टनंट म्हणजे डॉक्टरसाहेब, एक पेटी ऑफिसर (पीओ) मेडिकल असिस्टंट आणि मी. लहान जहाजांवर तर डॉक्टरच नसतो, मेडिकल असिस्टंट एकटा असतो. आमची सिक बे, म्हणजे जहाजावरचा दवाखाना : एकावर एक दोन बंक, तपासायचं टेबल, कुलपातली औषधं आणि हलू नये म्हणून बांधून ठेवलेलं प्रत्येक सामान. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं दारात थांबायचं.

मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटमधून आत गेलो, गँगवेवर (जहाजावर चढायच्या पुलावर) सॅल्यूट केला आणि हातात जॉइनिंग रुटीनचा कागद पडला. प्रत्येक डिपार्टमेंटला जाऊन सही आणायची. बहुतेक जण हे काम एका दिवसात उरकतात. माझ्या पीओ साबनी मला चार दिवस दिले आणि सांगितलं, "सिर्फ साइन मत लाना. हर जगह से सिक बे तक का रास्ता याद करके आना." तेव्हा वाटलं, नवीन पोराला फिरवताहेत. चौथ्या रात्री त्यांनी मला झोपेतून उठवलं. पॅसेजमध्ये नुसता लाल दिवा होता. "पोर्ट साइडच्या (डावीकडच्या) मागच्या मशिनरी कंपार्टमेंटमध्ये माणूस पडलाय, चल." मी दोनदा चुकलो, एकदा हॅचच्या (डेकमधल्या झाकणाच्या वाटेच्या) कडेवर नडगी आपटली. माणूस पडलेला नव्हताच. पण खरा पडला असता तर माझा रस्ता चुकेपर्यंत तो तिथंच पडून राहिला असता. त्यानंतर मी रोज रात्री जेवण झाल्यावर एक नवीन रस्ता पाठ करायचो : कुठली शिडी, कितवी हॅच, कुठं डोकं वाकवायचं. फर्स्ट एडच्या पेट्या कुठं कुठं लावल्यात ते त्याच फेऱ्यांत पाहिलं आणि प्रत्येक पेटी उघडून औषधांच्या तारखा तपासल्या. पेटीचं सील शाबूत आहे म्हणून आतलं सामान ठीक असेल, असं धरून चालू नका.

पहिलं सेलिंग जुलैत झालं, मुंबईहून कोचीला. प्रोंग्सचं दीपगृह मागे पडलं आणि पावसाळ्यातला अरबी समुद्र काय असतो ते कळलं. तासाभरात सिक बेच्या दारात रांग लागली. मला स्वतःला उभं राहवत नव्हतं. एका हातानं हँडरेल धरून दुसऱ्या हातानं मी अव्होमिनच्या गोळ्या देत होतो. एक लीडिंग सीमन आला, चेहरा पांढराफटक. मी गोळी दिली, नाव लिहिलं, पुढचा. तो शिडीपर्यंत पोचला तेवढ्यात पीओ साबनी त्याला हाक मारून परत बोलावलं.

"वॉच कधीची आहे?"

वॉच म्हणजे जहाजावरची ठरावीक तासांची पाळी. तो स्टीअरिंगवर जाणार होता. अर्ध्या तासात.

अव्होमिनमधल्या प्रोमेथाझीननं झोप येते हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही मिळाले होते. पण समोरचा माणूस अर्ध्या तासानं शेकडो लोकांचं जहाज हातात धरणार आहे, हे मी विचारलंच नव्हतं. गोळी त्याच्या मुठीतच होती. साबनी ती काढून घेतली, डॉक्टरसाहेबांना कळवलं आणि त्याची वॉच बदलली गेली. मला तिथं सगळ्यांसमोर ते काही बोलले नाहीत. रात्री एकटा असताना म्हणाले, "हॉस्पिटल में मरीज़ सोता है. यहाँ मरीज़ ड्यूटी करता है." तेव्हापासून माझा पहिला प्रश्न "काय होतंय" नसतो, "वॉच कधीची" हा असतो. सर्दीच्या गोळीलासुद्धा.

उलटीच्या गोळीचं आणखी एक. ती जहाज निघायच्या तासभर तरी आधी पोटात गेली पाहिजे, उलट्या सुरू झाल्यावर ती बाहेरच येते. त्यामुळे पुढच्या वेळी मी रांगेची वाट पाहिली नाही. कुणाला लागते याची यादी केली आणि आदल्या रात्रीच डॉक्टरसाहेबांना विचारून वाटप ठरवलं. स्वतःसाठी म्हणाल तर पोट रिकामं ठेवू नका, कोरडं काहीतरी खा, शक्य तेव्हा डेकवर जाऊन क्षितिजाकडं बघा. जहाजाच्या टोकाला हेलकावे जास्त लागतात, मधल्या भागात आणि खालच्या डेकला कमी. चार-पाच दिवसांत अंग सरावतं. सरावेपर्यंत बादली जवळ ठेवून काम करायचं. त्यात लाज काही नाही, जहाजावर सगळ्यांनी ते केलेलं असतं.

स्ट्रेचरचं सविस्तर सांगतो, कारण वॉर्डातली ट्रॉली ढकलून जहाजावर काही उपयोग होत नाही. उभ्या शिडीनं, अरुंद हॅचमधून माणूस वर काढायचा तर नील रॉबर्टसन स्ट्रेचर लागतो. कॅनव्हास आणि लांब पट्ट्यांचा असतो. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा माणूस त्यात गुंडाळायचा, पट्टे आवळायचे, कपाळावरून पट्टा घ्यायचा, वरच्या कडीला दोर लावून ओढायचं. पायाकडं दुसरा दोर असतो, तो खालच्या माणसानं धरून स्ट्रेचर भिंतीवर आदळू द्यायचा नाही. पहिल्या ड्रिलला खालचा दोर माझ्याकडं होता आणि मी तो ढिला सोडला. जहाज कललं, स्ट्रेचर फिरला आणि जखमी बनलेल्या पोराचं कोपर हॅचच्या कडेला लागलं. फार लागलं नाही. पण पुढच्या ड्रिलला पीओ साबनी जखमी म्हणून मलाच गुंडाळलं. हात शरीराशी बांधलेले, मान हलत नाही, डोळ्यांसमोर फक्त एक दिवा आणि हॅचची लोखंडी कड जवळ येत जाणारी. आपण वर चाललोय की खाली पडतोय तेच कळत नव्हतं. वरून एकजण सारखा बोलत होता : "आता हॅच येतेय, आता थांबतोय, आता परत वर." त्या आवाजावर मी टिकलो. आज कुणालाही स्ट्रेचरमध्ये घेतलं की मी तोंड बंद ठेवत नाही. तुमच्या ड्रिलला कुणी जखमी व्हायला तयार नसेल तर एकदा तुम्हीच आत जाऊन बघा.

पोटदुखीचं एक प्रकरण. रात्री अडीचला इंजिन रूमचा एक जण आला, घामानं चिंब, एका जागी बसेना, वाकून येरझारा घालत होता. दुखणं बरगडीखालून जांघेकडं उतरत होतं. अपेंडिक्सचा माणूस शक्यतो हलत नाही, कारण हललं की जास्त दुखतं. हा तर तळमळत होता, त्यामुळे मला मुतखड्याचा संशय आला. पण संशय हे काही निदान नव्हे. डॉक्टरसाहेबांना उठवावं का, असा विचार पाच मिनिटं करत राहिलो. ती पाच मिनिटं मला अजून सलतात. उठवलं. ते रागावले नाहीत, इंजेक्शन दिलं, लघवी तपासली. मुतखडाच निघाला. म्हणाले, "शंका आली की उठव. गॅस निघाला तरी चालेल." खाली चाळीस अंशांच्या वर तापमानात ही मुलं चार-चार तास उभी असतात आणि वॉचमध्ये सारखं हेड्सला (संडासला) जायला नको म्हणून पाणी कमी पितात. त्या रात्रीनंतर मी वॉच बदलायच्या वेळी खाली जाऊन पाण्याच्या बाटल्या बघायला लागलो. भरलेली बाटली परत आली की विचारायचो. सुरुवातीला ती चिडायची. नंतर स्वतःच रिकामी बाटली दाखवायला लागली.

तसंच पिण्याच्या पाण्याचं आणि गॅलीचं, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराचं. पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते तपासायचं. लिटरला अर्धा मिलिग्रॅम हा शिकवलेला आकडा लक्षात ठेवा, आणि नमुना टाकीजवळचा न घेता सगळ्यात लांबच्या नळाचा घ्या. गॅलीत कुकची नखं, हातावरची जखम, गळू बघायचं. कुक तुमचा कितीही चांगला मित्र असला तरी. गळू असलेल्या हातानं मळलेल्या कणकेनं एका दिवसात अर्धं जहाज आडवं होऊ शकतं.

सिक बेमध्ये लोक नुसतं अंग दुखतंय म्हणून येत नाहीत. कुणाच्या बायकोचे दिवस भरलेत, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, आणि समुद्रात फोन लागत नाही. झोप येत नाही म्हणून गोळी मागतात. मी आधी बसायला सांगतो. जे ऐकलं ते मेस डेकवर जात नाही, कारण संध्याकाळी त्याच माणसाशेजारी ताट घेऊन बसायचं असतं. एकदा बाहेर गेलं की तो परत येत नाही, पुढच्या वेळी छातीत दुखलं तरी येत नाही. मात्र जिवाला धोका वाटला तर ते डॉक्टरसाहेबांपर्यंत गेलंच पाहिजे, आणि तसं त्या माणसाला तोंडावर सांगायचं.

मागच्या वर्षी माझ्या जागी नवीन मुलगा आला, कोर्स संपवून थेट. त्याला मी रक्तगटांची यादी, लाल कागद लावलेली टॉर्च आणि खिशात मावेल अशी वही दिली. वहीत रस्ते होते. तो म्हणाला, "सर, हे तर मला एका दिवसात पाठ होईल." मी त्याला जॉइनिंग रुटीनचा कागद दिला आणि चार दिवस दिले.