टोरोंटोतला तेरावा महिना

आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो. इथे त्याची धास्ती निर्वासितांच्या प्रायोजकांना असते. कॅनडात साधे नागरिकही निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेऊ शकतात: भाडं, किराणा, शाळा, दवाखाना, सगळं 12 महिने. तेराव्यात पैसा थांबतो. इथली अनेक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, हे काम करतात, आणि त्यांच्या लेखी ते दान नसून देणं आहे.

'गेर' म्हणजे उपरा. त्याला छळू नका हे तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, 36 वेळा आलंय, असं त्यांच्या धर्मचर्चेचा ग्रंथ तालमुद मोजून सांगतो. काहींच्या मते 46. कारण एकच, मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) तुम्हीही उपरेच होता. पुढे नियम थेट शेतात उतरतात. पीक काढताना कोपरा गरिबांसाठी आणि गेरसाठी उभा ठेवायचा, मिश्ना या जुन्या नियमसंग्रहाच्या हिशेबाने किमान साठावा हिस्सा. तो कापून हातावर ठेवायचा नाही. ज्याला हवा त्याने येऊन कापायचा.

यात कॅनडाची जुनी लाजही मिसळली आहे. 1939 मध्ये 'सेंट लुई' जहाजावरच्या 907 जर्मन ज्यूंना या देशाने उतरू दिलं नाही. त्यातले 254 पुढे नरसंहारात गेले. सरकारची माफी आली 2018 मध्ये. (मुंबईत जर्मनीतून आलेल्या ज्यूंना हात द्यायला 1934 मध्येच ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली होती.)

कुटुंब उतरल्यावर क्रम चुकवू नये. आधी सोशल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि सरकारी लाभांसाठी लागणारा क्रमांक), मग बँक खातं, मग मुलांच्या भत्त्याचा अर्ज, कारण भत्ता थेट खात्यात घेता येतो. इंग्रजीच्या सरकारी वर्गाआधी भाषेची चाचणी लागते, तिची वेळ पहिल्याच आठवड्यात घ्यावी. दातांचा खर्च केंद्राच्या आरोग्य योजनेतून मर्यादित मिळतो, पण दवाखाना त्या योजनेत नोंदलेला आहे ना, हे आधी फोन करून विचारावं. घर सगळ्यात अवघड. घरमालक क्रेडिट हिस्टरी मागतो, ती या लोकांकडे कुठून असणार? मग गटातल्या कुणीतरी जामीन राहायचं. जुनं फर्निचर चालेल, जुनी गादी नको. एक ढेकूण आला की सगळं घर उपसावं लागतं. कोशर (ज्यूंच्या नियमात बसणारं अन्न) म्हणजे हलाल असं गृहीत धरू नये, विचारावं. विमान शुक्रवारी सूर्यास्तानंतर उतरणार असेल तर शब्बाथ (ज्यूंचा विश्रामदिन, तो शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि पाळणारे त्यात गाडी चालवत नाहीत) न पाळणारा चालक आधीच ठरवावा.

खरी माती होते ती मायेपोटी. गटातले दहाजण आलेल्या कुटुंबातल्या बाईला दहा डॉक्टर सुचवतात, कुणी तिच्या किराण्याची यादी तपासतं. महिन्याची रक्कम कुटुंबाच्या खात्यात टाकून गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही. दुभाषा म्हणून शाळकरी पोराला पुढे करणं तर साफ चूक: आईचं दुखणं त्याने का सांगावं? मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित मायमोनिदीस याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या, त्यात सर्वात वर ठेवलं काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन माणसाला हात पसरायची वेळच येऊ न देणं. म्हणून नोकरीचा शोध सहाव्या महिन्यात नाही, दुसऱ्यातच सुरू व्हायला हवा.

पाच जण मिळून प्रायोजक होतात, त्या गटांचे नवे अर्ज सरकारने 29 नोव्हेंबर 2024 पासून थांबवलेत. जी कुटुंबं आधीच आली आहेत, त्यांच्या प्रवासखर्चाचं सरकारी कर्ज बिनव्याजी असतं खरं, पण पहिला हप्ता येतो वर्ष सरल्यावर, म्हणजे नेमका तेराव्यात.