चोर सोडून चहाला फाशी

सीलिअ‍ॅक या आजाराचं निदान झालं त्या संध्याकाळी मी ओट्यावरचा चहाचा डबा उचलला आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. डॉक्टरांनी गहू, जव आणि राय ही तीन धान्यं कायमची बंद, असं बोटांवर मोजून सांगितलं होतं. चहाचं नावही काढलं नव्हतं. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मी तर त्या दिवशी साधं पाणीसुद्धा संशयाने पीत होते.

तीन दिवस निभावले. चौथ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की फोनवर माझा नुसता आवाज ऐकून बहिणीने ओळखलं. “चहा सोडलास? अगं ताई, पानात कुठून येणार गहू?”

मुद्दा इतका सरळ होता की माझी मलाच लाज वाटली. सीलिअ‍ॅकमध्ये सोसत नाही ते ग्लूटेन, आणि ते म्हणजे गहू, जव, राय यांच्या दाण्यातलं प्रथिन. चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस नावाच्या झुडपाची पानं. हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग हे सगळे त्याच एका झाडाचे; पान खुडल्यावर ते किती सुकवलं, किती मळलं, हवेत किती काळं पडू दिलं, एवढाच काय तो फरक. या सगळ्या खटाटोपात धान्याचा कुठे संबंधच येत नाही. डबा खाली आला. त्या दिवशीच्या पहिल्या घोटाबद्दल मी काही लिहीत नाही, उगाच भावुक व्हायला होतं.

म्हणजे मी संन्याशाला फाशी दिली होती. पण चोरही होताच की, आणि तो त्याच फळीवर, शेजारच्या देखण्या खोक्यात बसला होता. कुणीतरी भेट दिलेला, रात्री झोपण्यापूर्वी प्यायचा, कॅरॅमलच्या वासाचा ‘हर्बल टी’. घटक पदार्थांची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली: चिकोरी, दालचिनी, भाजलेले जव, नैसर्गिक स्वाद, जवाचा माल्ट अर्क. एकदा नाही, दोनदा जव! मागाहून त्यातली मेख कळली. कॅफीन नको, पण रंग मात्र गडद हवा आणि पेय जिभेला भरीव लागायला हवं, म्हणून भाजलेले जव घालतात. माल्टने, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवाने, गोडवा येतो. त्यामुळे चहाच्या कपाटात झडती घ्यायचीच असेल, तर साध्या पत्तीला सोडून द्यावं आणि केक, बिस्किट, कॅरॅमल अशी लाडिक नावं घेऊन आलेल्यांना आधी उभं करावं. झटपट चहाच्या गोड पुड्यांनाही. नुसता ‘गहू’ शब्द शोधून भागत नाही. अमेरिकेत अ‍ॅलर्जीसाठी ठळक सांगायलाच हवेत असे नऊ पदार्थ आहेत. त्यांत गहू आहे, जव नाही. युरोपातला नियम ग्लूटेन असलेली सगळीच धान्यं धरतो.

शब्दांनी मला फार फसवलं. आसामच्या एका काळ्या चहाच्या डब्यावर ‘माल्टी’ असं लिहिलेलं होतं. डबा दोनदा हातात घेतला, दोनदा परत ठेवला. ‘माल्टी’ हा चहा चाखणाऱ्यांचा शब्द आहे, त्या गोडसर, भाजक्या चवीला दिलेला; डब्यात माल्टचा कणही नसतो. बकव्हीटची तऱ्हा तर आणखी मजेशीर. नावात गहू, आणि गव्हाशी नातं शून्य. हा आपला कुट्टू. जपानमध्ये तो भाजून त्याचा ‘सोबाचा’ करतात. (तरी तो कुठे भाजला, कुठे भरला हे बघावं, त्याच गिरणीत गहू फिरला असेल तर नात्याबित्याला काही अर्थ उरत नाही.) ‘गेनमाइचा’मध्ये दिसणारे भाजके दाणे तांदळाचे, तेव्हा तो चालतो. आणि ‘मुगिचा’, ज्याच्या नावात ‘चा’ आहे, त्यात चहाचं एक पान नसतं. ते भाजलेल्या जवांचं पाणी. कोरियात हाच ‘बोरिचा’. दाणे गाळून टाकले तरी पाण्यात उतरायचं ते उतरतंच, म्हणून तो माझ्यासाठी बाद.

एक भीती टी बॅगचीही होती. कुणीतरी ठामपणे सांगितलं, बॅगा गव्हाच्या खळीने चिकटवतात. माझ्याकडच्या बॅगा मी कात्रीने उलगडून बघितल्या. एक नुसती घडी घालून पिन मारलेली, दुसरी कडेला उष्णता देऊन दाबलेली. खळ कुठेच नव्हती. गंमत म्हणजे ‘ग्लूटेन’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी गोंद.

‘ग्लूटेन-फ्री’ या शिक्क्यालाही आधी मी भुलायचे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याचा अर्थ किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन. मिश्रणांच्या खोक्यावर तो शिक्का कामाचा आहे, मी तो बघूनच घेते. पण नुसत्या पत्तीवर तो मिरवणं म्हणजे मिठाच्या पुडीवर ‘बिनसाखरेचं’ लिहिण्यासारखं.

खरी उणीव कपात नव्हतीच, बशीत होती. बिस्किट गेलं. इतकी वर्षं मी चहा पीत होते की चहात बुडवून बिस्किट खात होते, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. एकटा पडल्यावर चहा उघडा पडला. हिरवा चहा कडू असतो म्हणून मी त्याला नावं ठेवायचे. चूक माझ्या उकळत्या पाण्याची होती. पाणी जरा निवू दिलं, सत्तर-ऐंशी अंशांवर आलं की ओतलं, दोन मिनिटांत पानं काढली, की तोच चहा गोडसर लागतो. उलट रॉइबॉस. दक्षिण आफ्रिकेतल्या झुडपाचा हा लाल काढा, खरं तर चहा नव्हेच. ना ग्लूटेन, ना कॅफीन. तो मुरत ठेवून विसरून गेलं तरी कडवट होत नाही. माझ्यासारख्या विसरभोळीला हे झाड देवानेच पाठवलं असणार.

पण जीव जडला तो ऊलाँगवर. मिऱ्याएवढ्या गोळ्या कपाच्या तळाशी टाकायच्या. पहिलं पाणी पडलं की त्या जेमतेम कूस बदलतात. दुसऱ्या पाण्याला एखादी कड सुटते. तिसऱ्या-चौथ्याला देठासकट अख्खं पान हातपाय ताणून पसरतं, कडांचे दाते मोजता येतात, आणि वास दर वेळी वेगळा.

परवा बहीण आली होती. तिसरं पाणी घातलेला माझा कप समोर होता. बोलता बोलता तिने आपलं बिस्किट त्यात बुडवलं, आणि लगेच जीभ चावली. दोघी कपात बघत बसलो. उलगडलेल्या पानावर एक ओला तुकडा सावकाश फुगत होता.

“ओतून दे,” ती ओशाळून म्हणाली.

“चौथं पाणी राहिलं होतं गं,” मी म्हटलं, आणि कप धुवायला उठले.