डीएस रेकॉर्ड निघेना: सही असलेलं डोमेन हलवण्याचा माझा अनुभव

डोमेनच्या नोंदीतली एक ओळ, डीएस रेकॉर्ड, काढायला सहा दिवस लागले. अजून आठवलं की डोकं तापतं. म्हणून लिहून ठेवतोय. पुढच्या कुणाचे तरी सहा दिवस वाचतील.

मी सातपूरला बसून आजूबाजूच्या कारखान्यांची आणि निर्यातदारांची मेल-वेबसाइटची कामं बघतो. त्यातले एक पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष निर्यातदार. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांचा बराच माल नेदरलँड्सला जातो, आणि तिकडची मंडळी डीएनएससेकच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदींवर डिजिटल सही करण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत काटेकोर. इंटरनेट डॉट एनएल या तपासणीच्या साइटवर डोमेनचं नाव टाकलं की झोनवर (डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या यादीवर) सही आहे की नाही ते लगेच दिसतं. म्हणून नानांच्या डॉट कॉम डोमेनवर मी ते चालू करून दिलं होतं. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग ज्या कंपनीकडे झोन होता तिने ती सेवाच बंद करायचं ठरवलं. मुदत जानेवारी अखेर, म्हणजे ऐन हंगामात.

साधं डोमेन असतं तर संध्याकाळी नेम सर्व्हर (झोनमधली उत्तरं देणारे सर्व्हर) बदलून घरी गेलो असतो. सहीच्या डोमेनचं तसं नसतं. झोनमधल्या नोंदींवर ऑपरेटर, म्हणजे झोन सांभाळणारी कंपनी, आपल्या किल्लीने सही करते, आणि त्या किल्लीची ओळख, म्हणजे डीएस रेकॉर्ड, वर डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांच्या मुख्य नोंदवहीत, ठेवलेली असते. नवीन ऑपरेटरची किल्ली वेगळी. वर जुना डीएस तसाच ठेवून तुम्ही नेम सर्व्हर हलवलेत, की सही तपासणारा प्रत्येक रिझॉल्व्हर (लोकांच्या वतीने डोमेनचा पत्ता शोधणारा सर्व्हर) ती सही खोटी ठरवतो आणि सर्व्हफेल, म्हणजे उत्तराऐवजी चूक, देतो. गूगलचा ८.८.८.८ तपासतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ तपासतो. त्यांच्यामागे बसलेल्या माणसाला ना वेबसाइट दिसते, ना त्याचा मेल आपल्यापर्यंत पोचतो.

सरळ रस्ता २०१२ च्या आरएफसी ६७८१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात दिलेला आहे. दोन्ही ऑपरेटरांनी एकमेकांच्या किल्ल्या आपापल्या झोनमध्ये आधीच दाखवायच्या, वर दोन्ही डीएस लावायचे, मग हलवायचं. सही एक क्षणही तुटत नाही. मला तेच हवं होतं. जुन्या कंपनीने कळवलं की बाहेरची किल्ली त्यांच्या झोनमध्ये घालता येत नाही. विषय संपला. उरला दुसरा रस्ता: डीएस काढायचा, तो सगळ्यांच्या कॅशमधून (रिझॉल्व्हरांनी साठवून ठेवलेल्या उत्तरांतून) जाईपर्यंत थांबायचं, सहीशिवाय हलवायचं, आणि तिकडे स्थिरावल्यावर नवीन डीएस लावायचा.

डीएस काढणं रजिस्ट्रारच्या, म्हणजे जिच्याकडून डोमेन घेतलं त्या कंपनीच्या, हातात. आणि इथेच सगळं अडलं.

त्यांच्या पॅनेलवर डीएनएससेकचं एक बटण आहे. ते बंदच दिसत होतं. कारण ते बटण फक्त त्यांच्या स्वतःच्या नेम सर्व्हरसाठी आहे. आमचा डीएस दोन वर्षांपूर्वी तिकीट टाकून लावला होता. म्हणून पुन्हा तिकीट टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'सर, आमच्याकडून डीएनएससेक ऑफ आहे.' तिकीट बंद.

मी पुन्हा उघडलं. या वेळी थेट डॉट कॉमच्या सर्व्हरला विचारून आलेलं डिग या कमांडचं उत्तर चिकटवलं. ए पासून एम पर्यंत असे तेरा जीटीएलडी सर्व्हर आहेत. त्यातल्या कुठल्याही एकाला विचारा, मधल्या कॅशचा प्रश्नच उरत नाही. डीएस समोर दिसत होता: की टॅग (किल्लीचा क्रमांक), अल्गोरिदम १३ (सहीची पद्धत), आणि लांबलचक डायजेस्ट (किल्लीचा ठसा). उत्तर आलं, 'प्रोपगेशनला ४८ तास लागतात.' मी लिहिलं की हे रजिस्ट्रीचं स्वतःचं उत्तर आहे, इथे पसरायचं काही नाही. तरीही ४८ तास थांबायला लावलं. थांबलो. डीएस तिथेच.

चौथ्या दिवशी फोन लावला. पलीकडचा मुलगा बोलायला नम्र होता, पण त्याने जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. 'सर, तुम्ही आधी नेम सर्व्हर बदला, डीएस आपोआप निघून जाईल.' आपोआप काही निघत नाही! माझ्या जागी हे माहीत नसलेला कुणी असता तर त्याने ऐकलं असतं, आणि डॉट कॉमच्या डीएसचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) ८६,४०० सेकंद, म्हणजे चूक लक्षात येऊन डीएस काढला तरी वर एक दिवस ग्राहकाचा मेल अंधारात. जानेवारीत, कंटेनर लागत असताना. त्याला मी शांतपणे नाही म्हटलं आणि फोन ठेवला. या दुसऱ्या रस्त्याने जाताना एवढं पक्कं लक्षात ठेवा: वरचा डीएस निघाल्याशिवाय आणि त्यानंतर पूर्ण एक दिवस गेल्याशिवाय नेम सर्व्हरला हात लावायचा नाही, कुणीही सांगो.

चेक आणि स्विस रजिस्ट्री झोनमधला सीडीएस रेकॉर्ड (वर डीएस काय असावा ते सांगणारी नोंद) वाचून डीएस स्वतः बदलतात. तिथे हा फोनच करावा लागला नसता.

पाचव्या रात्री चिडून हूइज, म्हणजे डोमेनची सार्वजनिक माहिती, उघडलं. त्यात 'साइन्ड डेलिगेशन' असं लिहिलेलं होतंच, म्हणजे डीएस आहे याचा पुरावा. पण वरच्या ओळींकडे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. तिथे एक स्टेटस होतं: क्लायंट अपडेट प्रोहिबिटेड. हे रजिस्ट्रारने लावलेलं कुलूप. ते असेपर्यंत रजिस्ट्री डोमेनमधला कुठलाही बदल नाकारते, डीएस काढण्याचाही. म्हणजे सपोर्टवाले विनंती पाठवत होते, रजिस्ट्री ती परत फिरवत होती, आणि त्यांच्या स्क्रीनवर मात्र 'सबमिटेड' दिसत होतं. नेम सर्व्हर पॅनेलमधून बदलले तर त्यांची यंत्रणा ते कुलूप स्वतः उघडते आणि लावते. डीएससाठी ते हाताने काढावं लागतं. हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

सकाळी तिकिटात दोनच वाक्यं लिहिली: आधी हे स्टेटस काढा, मग डीएस काढा. त्या वेळी मी पिंपळगावला नानांच्या पॅकहाऊसमध्ये होतो. निफाड पट्ट्यातली थंडी, बागांमधून पहाटेच्या शेकोट्यांचा धूर अजून तरंगत होता, आत बायका मणी निवडून घड पनेटमध्ये (छोट्या डब्यांत) भरत होत्या. वजनकाट्याशेजारी लॅपटॉप ठेवून मी दर दोन मिनिटांनी तीच कमांड मारत होतो. पंधराव्या मिनिटाला उत्तर रिकामं आलं. नाना म्हणाले, 'काय झालं रे, पैसे आले का?' म्हटलं, त्याहून मोठं काम झालं.

पुढे अडलं नाही. एक दिवस थांबून नेम सर्व्हर बदलले. जुना झोन लगेच बंद करू नका. डॉट कॉममध्ये नेम सर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, त्यामुळे दोन दिवस लोक जुन्याच दारावर येत राहतात. स्वतःच्या झोनमधले टीटीएल आठवडाभर आधी कमी करता येतात, ते जरूर करा. रजिस्ट्रीतले वरचे दोन टीटीएल मात्र आपल्या हातात नाहीत, तेवढं थांबावंच लागतं.

आणि हो, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: झोन उतरवताना डीकिमची (मेलवरच्या सहीची) लांब टीएक्सटी नोंद अक्षर न् अक्षर जुळवा. नवीन पॅनेलने आमची मधेच तोडली होती. ऑफिसच्या राउटरवर चाललं म्हणून निश्चिंत होऊ नका, ८.८.८.८ ला विचारा, आणि सर्व्हफेल आला तर सीडी फ्लॅग (सही तपासू नको असं सांगणारी खूण) लावून पुन्हा विचारा. फ्लॅग लावल्यावर उत्तर आलं तर घोळ बहुतेक सहीतच आहे.

नवीन डीएस लावताना तिकिटाची पहिलीच ओळ कुलपाची लिहिली. त्याच दिवशी लागला. संध्याकाळी डिगच्या उत्तरात एडी फ्लॅग (सही तपासून खरी ठरल्याची खूण) दिसला, इंटरनेट डॉट एनएलवर डीएनएससेकपुढे पुन्हा हिरवी खूण आली, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट मी नानांना व्हॉट्सॲपवर पाठवला.